मानेचा सांधा

पॉटकेटमध्ये नदीकाठी, जुन्या दोरा-गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आन्सेल्मो फोर्तेस खेळण्यांना सांधे बसवतो.
बाहेर फुटपाथच्या कडेला बर्फ काळवंडत चाललाय,
आत हेडफोनमधून सांडतोय ढोल
धप्, धप्-धप्, टाळी, धप्
आणि मेणाच्या दंडावरून त्याची सुरी
त्याच चालीत चालते.

याच मजल्यावर आई रिळं भरायची.
आता भिंतभर बाहुले.
बाहुले म्हटलेलं त्याला खपत नाही.
फिगर म्हण, असं सांगतो आणि हसतो,
त्रेचाळीस वर्षांचा माणूस, पुढच्या दातांत फट.
प्रत्येक फिगर तो दोनदा विकत घेतो:
एक खोक्यात, सील न फोडता,
एक हातात, गुडघे सैल होईस्तोवर.
एक पुजायचा, एक खेळायचा.

कॉमिक्सचं वेड झेका मामाचं.
शनिवारी न्हाव्याच्या दुकानात
न खपलेले अंक मिळत, मुखपृष्ठ फाडलेले,
पावलीला दोन.
नायकाचं नावच कळायचं नाही
तिसऱ्या पानावर कुणी हाक मारीपर्यंत.
बघ, मामा म्हणायचा, दोन चौकटींमधल्या
पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून,
इथे हात उगारलाय. इथे तो पडलाय.
ठोसा कुठाय?
आन्सेल्मो पान उजेडासमोर धरून शोधायचा.
ठोसा तू मारलास, लेका.

रात्री तोच मामा कुणाच्या तरी तळघरात
एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावून
चार ठोक्यांचा तुकडा
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
गाणारी बाई तोंड उघडणार एवढ्यात मागे,
पुन्हा मागे,
आणि अख्खं तळघर
तिच्या न म्हटलेल्या ओळीवर नाचायचं.
जिन्यावर बसलेल्या पोराला वाटायचं
हीच ती पांढरी पट्टी.

तर यंदा मामाचीच फिगर.
कॅटलॉगात नाव 'बेसमेंट किंग', उंची सहा इंच,
पण पोट मामाचं, ढगळ पँट मामाची,
डाव्या हाताची वाकडी करंगळी
मासळीच्या गोदामाच्या दारात चेंगरलेली,
तीही.
सांधे चौदा.

सोमवारी हिशेबाच्या ग्वेन्डा प्रूइट आल्या.
वाईट नाहीत बिचाऱ्या, त्यांच्याही वर कुणी आहे.
चौदा फार होतात, म्हणाल्या. पाचांत बसव.
आन्सेल्मोनं मनगटं दिली. घोटे दिले.
कंबर दिली.
गुडघे देताना काही वाटलं नाही,
मामा शेवटी खुर्चीतच असायचा.
कोपर देताना मात्र जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.
करंगळीला सांधा नव्हताच, ती वाचली.

उरले दोन खांदे, दोन मांड्या आणि मान.
मान साधीच ना, खुंटीवरची?
नाही, म्हणाला. मानेला गोळा हवा.
गोळा महाग पडतो.
मग त्यानं टेबलावरचा एक स्वस्तातला सैनिक उचलला
आणि त्याची मान फिरवून दाखवली, डावी उजवी, डावी उजवी.
ग्वेन्डाबाई, हा बघा,
जन्मल्यापासून नाही-नाही म्हणतोय.
माझ्या माणसाला हो म्हणता आलं पाहिजे.
बुटांवरचा रंग काढा हवं तर,
टोपी काढा, खोक्याचा पुठ्ठा पातळ करा.

टोपी गेली. मामाचं टक्कल आलं.
तेही खरंच होतं म्हणा.

मार्चमध्ये कारखान्यातून दोन नमुने आले.
एक त्यानं तसाच फळीवर ठेवला.
दुसऱ्याचं सील नखानं फोडलं,
नव्या प्लॅस्टिकचा वास हुंगला, डोळे मिटून,
आणि टकलूला स्पीकरवर उभा केला.

धप्, धप्-धप्, टाळी, धप्.
आधी काहीच नाही.
मग इतकुशी हनुवटी खाली आली, वर गेली.
पुन्हा खाली.
जरा मागून येतेय, असं पलीकडच्या टेबलावरचं कुणीतरी म्हणालं,
सांधा घट्ट झालाय, परत पाठवू या?

राहू दे, आन्सेल्मो म्हणाला.
तोही अर्धा ठोका उशिराच यायचा.